सात दिवसांचं पाणी

जानराव गोटे मास्तरांची नक्कल करायला जऊळक्यात फार अक्कल लागत नसे. डाव्या बगलेत मिटलेली छत्री, उजव्या तळव्यावर उघडलेलं खिशातलं घड्याळ, मान बगळ्यासारखी पुढे, आणि चाल अशी की जमीन कोणाकडून उसनी आणलीय आणि तशीच्या तशी परत करायचीय. एवढं केलं की स्टेशनाबाहेरच्या हॉटेलातली माणसं कपबशी खाली ठेवून हसत. अडचण पुढे यायची. नक्कल करणारा तोंड उघडायचा आणि तसाच उभा राहायचा. मास्तर बोलायचेच नाहीत, तर त्यांचं बोलणं आणायचं कुठून?

बाकी सगळं गाव आवाजावर ओळखू यायचं. स्टेशनमास्तर नायडूसाहेबांचं बोलणं म्हणजे मालगाडी. एक डबा तेलुगू, चार डबे हिंदी, आणि सगळ्यात मागे मराठीचा गार्ड. पोस्टमन बबनराव प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात अशा हिशेबानं बोलत. "पत्र नाही. उद्या पाहा. तब्येत बरी?" आणि उत्तर यायच्या आत सायकलवर टांग. हॉटेलात कायमचे बसलेले रामराव पाटील कोणत्याही वाक्याची सुरुवात "आता मी अडाणी माणूस हाय, पण" अशी करत आणि मग समोरच्याला अडाणी ठरवूनच थांबत.

मास्तर रिठदच्या शाळेत एकतीस वर्षं बोलले होते. पाढे, कविता, नद्यांची नावं, छडीच्या आधीचं बोलणं आणि छडीनंतरचं बोलणं. पंचावन्न साली ते निवृत्त झाले आणि बोलणं नळ बंद करावा तसं बंद झालं. बायको त्याच्या आधीच हिवतापात गेली होती. एकुलती मुलगी विजयमाला जबलपूरला दिलेली. तिचं दिवाळीला कार्ड येई, चार ओळींचं, आणि त्यातली चौथी ओळ जावयाच्या हातची. जऊळक्यात वाटणीत आलेल्या दोन खोल्या होत्या म्हणून मास्तर इथे येऊन राहिले. इथे त्यांच्या हाताखालून गेलेलं एकही पोर नव्हतं. लोक भले होते. "बसा मास्तर." "च्या घेता काय?" "येतो मंग." या तीन वाक्यांत मास्तरांचा दिवस उरकायचा. संध्याकाळी भाकरी थापताना ते कधी कधी मोठ्यानं सत्तावीसचा पाढा म्हणत. कोणासाठी नाही. गळा आहे की गेला, ते पाहायला.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्याच्या तोंडी नागपूरहून देशकर नावाचे साहेब आले. "म्हणजे असं आहे की" हे त्यांचं पालुपद. ते म्हटल्याशिवाय त्यांच्या तोंडातून पुढचा शब्द सुटत नसे. हॉटेलातच त्यांनी सगळ्यांना समजावलं. म्हणजे असं आहे की, जगातल्या साठ-पासष्ट देशांच्या शास्त्रज्ञांनी ठरवलंय, एक वर्ष सगळ्यांनी मिळून पृथ्वीची तपासणी करायची. एकाच वेळी, एकाच रीतीनं. हे वर्ष अठरा महिन्यांचं आहे.

"आता मी अडाणी माणूस हाय, पण," रामराव म्हणाले, "अधिक मास आमाले ठाऊक हाय साहेब. हे अधिक सहा महिने कोण्या पंचांगात बसवले?"

"म्हणजे असं आहे की, हे पंचांग जगाचं आहे."

"मंग जगाले पाऊस कधी पडते तेही इचारून घ्या."

या मोठ्या वर्षाला हॉलंडातल्या एका विद्यापीठानं आपलं एक छोटं काम जोडलं होतं. जगातल्या दहा कोरड्या जागी एकाच मापाचं पत्र्याचं भांडं उघड्यावर ठेवायचं, पाण्यानं भरायचं आणि ऊन रोज त्यातलं किती पाणी नेतं ते मोजायचं. हिंदुस्थानातल्या तीन जागांत जऊळक्याचं नाव लागलं होतं. हॉलंड म्हणजे समुद्राच्या पातळीखालचा देश, तिथे पाणी बाहेर उपसता उपसता माणसाचा जन्म जातो, असं देशकर म्हणाले. त्यावर रामराव म्हणाले, "मंग त्यायचं उडवा म्हणा. आमचं कायले उडवता? आमच्यापाशी हायेच केवढं?"

या कामाला वाचता-लिहिता येणारा, रिकामा आणि एकही दिवस न चुकणारा माणूस हवा होता. सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या. ते कोपऱ्यात बशीतला चहा फुंकत होते.

गावापासून कोसभर दूर, लखीराम तांड्याकडे जाणाऱ्या पायवाटेला लागून बरडावर तारेचं कुंपण पडलं. आत लाकडी चौकटीवर चार फूट रुंदीचं आणि वीतभर खोल भांडं बसलं. पाखरांनी तोंड घालू नये म्हणून वर तारेची जाळी. गावानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, सरकारी परात. परातीत एक पितळी काटा उभा होता. रोज सकाळी बरोबर साडेआठला मास्तरांनी पितळी मापट्यानं पाणी ओतायचं, पाण्याचं तोंड काट्याच्या टोकाला जेमतेम टेकेपर्यंत. किती मापटी लागली, तेवढं पाणी कालपासून उडालं. तो आकडा वहीत. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा येऊन फक्त उष्णतेचे आकडे. महिनाअखेर वहीची नक्कल नागपूरला, तिथून हॉलंडला.

यात मास्तरांना काय सापडलं ते गावाला कधी कळलं नाही. साडेआठ म्हणजे सगळ्या जगाची एकच घटका, असं देशकरांनी सांगितलं होतं. इथे साडेआठ, तेव्हा सुदानात पहाटेचे पाच आणि हॉलंडात पहाटेचे चार. तरी सुदानातला माणूस त्याच क्षणी आपल्या परातीवर वाकलेला असणार. मास्तर मापटं हातात घेऊन घड्याळाकडे पाहत उभे राहत, काटा साडेआठवर येई, आणि त्यांना वाटे, आता दहा जण एकदम वाकलो.

मग हॉलंडहून दर महिन्याला छापील तक्ता येऊ लागला. बबनराव तो देताना म्हणत, "विलायती. पातळ. टिकट भारी." तक्त्यात दहा नावं आणि त्यांच्यापुढे महिन्याचे आकडे. रोमन अक्षरांत 'जऊळका' आठव्या ओळीत. मास्तर तो तक्ता भिंतीला लावत आणि भाकरी खाताना वाचत. कोणाकडे थंडी पडली, कोणाकडे बर्फ झालं, कोणाकडे आठवडाभर पाऊस लागला, सगळं आकड्यांतून दिसे. सुदानवाल्याचं पाणी सगळ्यांत जास्त उडायचं. "बापा रे," मास्तर भिंतीला म्हणत, "याच्याकडं तं माह्याहूनही आग हाय." सत्तावीसच्या पाढ्यानंतर त्या घरात मोठ्यानं बोललेलं हे पहिलं वाक्य. उत्तर लिहायची सोय नव्हती. पुढच्या महिन्याचा आकडा हेच उत्तर. म्हणून मास्तरांनी अक्षर सुधारलं. आकड्यातला सात सुद्धा ते लग्नपत्रिकेत काढावा तसा काढत.

तक्त्यात टिकून राहायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. आणि चैत्र पाडव्यानंतर आकडे बिघडले.

फाल्गुनात दहा-अकरा मापटी लागत होती. चैत्रात तेरा-चौदा लागायला हवी होती, ऊन तसंच होतं, पत्र्याला हात लावला तर फोड यावा. आणि लागली तीन. दुसऱ्या दिवशी दोन. मग तीन. एकदा तर पाणी काट्याच्या वर. मास्तरांनी चष्मा पुसला. परातीखाली आडवं होऊन पाहिलं. पाणी कमी झालं असतं तर चोर शोधला असता. पाणी वाढलं तर कोणाला शोधायचं? एप्रिलच्या मध्याला अचानक सलग सात दिवस तेरा-तेरा मापटी लागली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आठव्या दिवशी पुन्हा दोन.

दिसलं ते त्यांनी लिहिलं. एकही आकडा सुधारला नाही.

मे उजाडला आणि नागपूरचं पत्र आलं. एप्रिलचे आकडे विश्वासार्ह वाटत नाहीत. निरीक्षक जागेवर न जाता घरी बसून आकडे भरतो, असा संशय घेण्यास जागा आहे. हॉलंडचे डॉक्टर फान रीस या महिन्याच्या सतरा तारखेला स्वतः येत असून जऊळका तक्त्यात ठेवायचं की काढायचं, हे तेच ठरवतील.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. मग छत्री घेतली आणि भर बारा वाजता बरडावर जाऊन निंबाच्या बुंध्याआड बसले.

साडेबाराच्या सुमारास तांड्याच्या वाटेनं एक म्हातारी आली. डोक्यावर दोन घागरी, खाली मोठी, वर लहान. हातांत कोपरापर्यंत पांढरे चुडे, ओढणीच्या आरशांवर ऊन नाचतंय. तिनं कुंपणाची कडी काढली, परातीपुढे उभी राहिली, हात जोडले, आणि वरची लहान घागर जाळीवर सावकाश उपडी केली. थेंब सांडू दिला नाही.

"ओ बाई!" मास्तर ओरडले. वर्षभरात त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता. तो मध्येच फाटला.

म्हातारी घाबरली नाही. "काहून वरडता? मी काय चोरून राह्यली? टाकूनच तं राह्यली."

"कोण तुमी?"

"कमलीबाई. लखीराम तांड्याची. तुमी मास्तर नव्हं? तुमाले सारे ओळखते. रोज सकाळी टिचभर मापट्यानं देवाले घातल्यावाणी पाणी घालता. मी दुरून पाहतो." तिनं जाळीवर बोट ठेवलं. "चैत्र लागला का पुण्यवान माणूस वाटंवर पाणी ठेवते. तुमी ठेवलं. कावळ्यानं बाटवू नाही म्हणून जाळी बसवली. पण तुमचं मापटं लहान. रोज पाणी खाली जाते. म्हटलं, म्हातारा एकटा कोठवर भरन?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं. हे पाणी कोणी प्यायचं नाही. ऊन किती पाणी पितं, ते मोजायचं आहे.

कमलीबाईनं ऐकून घेतलं. "म्हंजे ऊन तहानलेलं हाय, अन् त्याले तुमी मोजून पाजता?"

"तसं नाही..."

"मंग कसं? पोटभर पाजाव की हो. सरकारचंच तं ऊन हाय."

मास्तर हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि कमलीबाईनं खालच्या घागरीतलं पाणी त्यांच्या ओंजळीत घातलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कुंपणाबाहेर पायवाटेला एक रांजण ठेवला आणि परातीच्या फाटकाला कुलूप घातलं. कमलीबाई रांजणात पाणी ओतू लागली, परातीचे आकडे पुन्हा तेरावर आले. काम झालं होतं. तरी मास्तर रोज साडेबाराला निंबाखाली येऊन बसत. कमलीबाईही घागर रिकामी झाल्यावर लगेच उठत नसे. बारा दिवस हे चाललं.

ती बोलायची, ते ऐकायचे. मग ते बोलू लागले. रिठदच्या शाळेतलं, बायकोच्या शेवटच्या तापातलं, सुदानवाल्याचं. "त्याले बायको हाय?" कमलीबाईनं विचारलं. मास्तरांना ठाऊक नव्हतं. "लेकरंबाळं?" तेही नाही. "अगं बाई, तुमची वळख मोठी अजब हाय," ती म्हणाली. "माणूस ठाऊक नाही, त्याचं पाणी ठाऊक."

तिचा मुलगा लालसिंग तीन वर्षांपूर्वी टोळीबरोबर खडी फोडायला गेला होता. टोळी परत आली, तो आला नाही. कोणी म्हणे भुसावळला उतरला, कोणी म्हणे त्याच्या आधीच. "आखाजीले गावातली माणसं मेलेल्याच्या नावानं पाण्यानं मातीचा करा भरते," कमलीबाई म्हणाली. "आमची सून ललिताबाई म्हणते, भरा तुमीही, मोकळे व्हा, मले मोकळी करा. मी म्हणतो, करा भरला म्हंजे म्याच त्याले मारला. जित्याच्या नावानं भरता येत नाही, मेल्याच्या नावानं हात उठत नाही. मंग तुमची ही परात दिसली. इथं कोणी नाव इचारत नाही. पाडव्यापासून टाकून राह्यली. कोठंतरी त्याले कोणी ओंजळभर देईन."

ती खडा घेऊन मातीत रेघा ओढत होती.

"रोज म्हणतो मी सुनेले. रोज त्याच्या नावानं घागर जाते म्हणतो. पण मास्तर, देवलाच्या पोरीचं लगन होतं ना आमच्या तांड्यात? सात दिवस गाणी झाली. मी अशी नाचली, अशी नाचली, बारा वर्साची झाली. सात दिवस घागरीची याद नाही आली. घागरीची नाही म्हंजे कोणाची नाही, समजलं ना तुमाले? सून पाहून राह्यलती. म्हणे, पोरगा बेपत्ता अन् सासू फुगडीवर. मी तिच्या तोंडावर म्हटलं, पाणी तं टाकूनच आली मी. खोटं बोलली." तिनं रेघा पुसल्या. "तुमाले सांगितलं. तुमी कोणाले सांगान?"

"मले हाय कोण सांगायले," मास्तर म्हणाले.

घरी येऊन त्यांनी वही उघडली. अकरा ते सतरा एप्रिल. तेरा, तेरा, चौदा, तेरा, तेरा, बारा, तेरा. म्हातारी नाचत होती ते सात दिवस एका ओळीत उभे होते, सगळ्यांत सुंदर अक्षरात.

सतरा मेच्या सकाळच्या गाडीनं डॉक्टर फान रीस उतरले. उंची अशी की डब्याच्या दारातून घडी घालून निघावं लागलं. रंग टरबुजाच्या फोडीचा. बोलताना दर दोन शब्दांनी घशातून 'ख्ख' असा आवाज, माशाचा काटा अडकल्यासारखा. बरडावर पोचेपर्यंत मागे अर्धं गाव आणि त्यातली पोरं एकमेकांना 'ख्ख' करत. नायडूसाहेब स्टेशनाची टोपी घालून आले होते. तांड्यातूनही माणसं आली होती, नाईक उदयसिंग सगळ्यांत पुढे. बायकांच्या घोळक्यात कमलीबाई होती आणि तिच्यापासून चार हात अंतरावर, पदर दातांत धरून, ललिताबाई.

डॉक्टरांनी परातीत बोट बुडवलं, काट्याशी डोळा नेला, मापटं उजेडात धरून आत पाहिलं. साडेआठला मास्तरांनी पाणी ओतलं, तेरा मापटी. डॉक्टर मान हलवत राहिले. मग वही मागितली आणि कुंपणाच्या खांबाला टेकून पान पान वाचली. मास्तरांनी देशकरांना परातीपुरती हकीकत सांगितली होती. तांड्यातली एक बाई पुण्य म्हणून पाणी टाकत होती, आता टाकत नाही. देशकरांनी ती इंग्रजीत सांगितली. डॉक्टर मोठ्यानं हसले, हसण्यातही 'ख्ख' आला, आणि त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे असं आहे की," देशकर सांगू लागले, "साहेब म्हणतात, महिनाभर आकडे दोन-तीन आणि मध्येच हे सात दिवस तेरा. आजही तेरा. म्हणजे त्या सात दिवसांत बाईनं पाणी टाकलेलं नसणार. ती तसं म्हणाली तर वही खरी ठरते. मास्तरांनी जे होतं तेच लिहिलं, हे सिद्ध होतं. मग बिघडलेले दिवस वगळायचे, हे सात ठेवायचे, आणि जऊळका तक्त्यात राहील. पण साहेबांना बाईच्या तोंडून ऐकायचंय."

"कमली," उदयसिंग नाईकांनी हाक मारली, "सामने ये. साहेब पुसते त्याचं उत्तर दे."

कमलीबाई पुढे आली. देशकरांनी विचारलं, पाडव्यापासून तुम्ही इथे पाणी टाकत होतात, त्यात मध्ये सात दिवस खंड पडला होता का? नाईक म्हणतात देवलाच्या घरी लग्न होतं, त्या सुमारास?

बायकांच्या घोळक्यातून ललिताबाईनं पदर दातांतून सोडला आणि मान वर केली.

कमलीबाईनं आधी सुनेकडे पाहिलं. मग मास्तरांकडे.

"रोज टाकलं," ती म्हणाली. "एक दिवस चुकला नाही. आईले चूक होते काय?"

देशकरांनी इंग्रजी केलं. डॉक्टर वहीकडे पाहू लागले, मग मास्तरांकडे. आता त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांनी हळू आवाजात एक लांब प्रश्न विचारला.

"साहेब म्हणतात," देशकरांचं पालुपदही गळालं होतं, "बाई रोज टाकत होती तर हे तेरा आले कुठून? रोजच टाकलं असेल तर या सात दिवसांचे आकडे पाहून लिहिलेले नाहीत. आणि हे सात खोटे तर बाकी वही कशी खरी मानायची? मास्तर, बाई विसरली असेल. तुम्ही सांगा. तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

मास्तरांना सगळं ठाऊक होतं. एक वाक्य पुरे होतं, आणि ते खरं होतं. ते वाक्य त्यांच्या तोंडात आलंही. समोर डॉक्टरांच्या बोटाखाली तेरा, तेरा, चौदा. दहा महिन्यांतला एकही दिवस त्यांनी घरी बसून लिहिला नव्हता. ताप अंगात असताना ते कोसभर चालत आले होते. ललिताबाई त्यांच्याच तोंडाकडे पाहत होती. कमलीबाई पाहत नव्हती. तिनं डोळे मिटून घेतले होते, छडी पडायच्या आधी पोरं मिटतात तसे.

"बाई खरं बोलते," मास्तर म्हणाले. "ते सात दिवस म्या घरी बसून लिहिले. माही तब्येत बरी नव्हती."

"मास्तर!" देशकर म्हणाले.

"लिहून घ्या."

डॉक्टर बराच वेळ बोलले. मध्ये एकदा त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. देशकरांनी त्या सगळ्याचं मराठी केलं, "ठीक आहे म्हणतात." मग डॉक्टरांनी वही मिटली आणि मास्तरांना न देता आपल्या पिशवीत ठेवली.

आठ दिवसांनी परात बैलगाडीत चढली आणि मालगाडीनं नागपूरला गेली. नायडूसाहेबांनी पावती फाडली. "मास्तर, ऐसा कायकू करे तुम? हमकू पुछते तो हमीच पानी गिने रहते रोज." रामराव म्हणाले, "आता मी अडाणी माणूस हाय, पण सात दिवस घरी बसायचं तं सात आकडे तरी वेगवेगळे लिहा लागते. मास्तरकी गेली, अक्कलही गेली." बबनरावांनी सायकल न थांबवताच सांगितलं, "विलायती नाही. यापुढं नाही. पाहू नका." हॉटेलात नक्कल करणाऱ्या पोरांची मात्र सोय झाली. मास्तरांचं एक वाक्य आता सगळ्या गावाला पाठ होतं. छत्री बगलेत, मान पुढे, आणि नाकातून, "माही तब्येत बरी नव्हती." हसू असं यायचं की कपबशा वाजायच्या.

मास्तर पुढचे काही दिवस साडेबाराला निंबाखाली जाऊन बसले. रांजण होता. कमलीबाई आली नाही. रांजणातलं पाणी तळाला गेलं, मग तेही आटलं. तांड्यातली रूपला नावाची पोर एकदा त्या वाटेनं शेळ्या घेऊन गेली. तिला मास्तरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, कमलीआजी आता नाल्याच्या अंगानं जाते, पल्याडच्या विहिरीवर. ती वाट दुप्पट लांब होती आणि चढाची.

आषाढ लागण्याच्या आधीच्या बाजारात दोघांची गाठ पडली. कमलीबाई पाटीत चार खिरण्या आणि डिंकाची पुडकी मांडून बसली होती. मास्तर समोरून जात होते. दोघांनाही वळायला जागा नव्हती. मास्तरांनी डिंक हातात घेतला, उलटून पाहिला.

"सून बरी हाय?" त्यांनी विचारलं.

"बरी हाय. बोलते आता माह्याशी. म्हणते, सासूचं खरं निघालं." कमलीबाई पाटीतल्या खिरण्या एका रांगेत लावू लागली. लावल्या, मोडल्या, पुन्हा लावल्या. "मास्तर, तुमी मले तिथंच खोटं पाडलं असतं तं बरं झालं असतं. एक दिवस रडली असती. सुनेनं चार शिव्या दिल्या असत्या. आता तुमच्या निंबाखालून मले जाववत नाही. रोज नाल्यानं पाणी आणतो. माहे गुडघे पाहा."

"माही वाट मोकळी हाय बाई," मास्तर म्हणाले. "या तुमी. म्या काही बोलणार नाही."

"तेच तं," कमलीबाई म्हणाली. "तुमी बोलणार नाही."

मागून कोणीतरी डिंकाचा भाव विचारला आणि ती त्याच्याकडे वळली. मास्तरांनी हातातली पुडी पाटीत जिथली तिथे ठेवली.